अबोला आणि रॉकेलची बाटली

मी एक जुनी बाटली आहे, आणि आधीच सांगून टाकते, दारूची. नाकं मुरडू नका, मित्रांनो! दारू माझ्या पोटात होती ती चार दिवसांची पाहुणी. पुढचं सगळं आयुष्य मी रॉकेल पोटात घेऊन, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या ओल्या रानात, आभाळाला भिडलेल्या फर नावाच्या झाडांवर लटकून काढलं.

बंदरावरच्या गुत्त्यात कुणीतरी मला रिकामी केलं आणि मागच्या दारी चिखलात भिरकावलं. तिथून मला उचललं म्हाताऱ्या नेस्टरनं. हा नेस्टर रानातल्या लाकूडतोड्यांच्या कॅम्पवर करवतींना धार लावायचा. त्यानं मला घासून धुतलं, गळ्याला तारेनं लोखंडी आकडा बांधला, बुचाला शिंपडण्यापुरती बारीक खाच पाडली आणि रॉकेल भरलं. फरच्या खोडात चिकट राळ असते हो. दोन माणसं दोन टोकांनी करवत ओढत असतात, आणि राळ लागली की बाईसाहेब अशा रुतून बसतात की हलायचं नाव नाही. मग माझ्यातलं रॉकेल पात्यावर शिंपडायचं, की काम पुन्हा सुरू. आकडा सालीत अडकवला की मी कायम हाताशी.

कॅम्पवर दारूबंदी होती. एका नव्या गड्यानं माझं जुनं रूप ओळखलं आणि गुपचूप मोठा घोट घेतला. अहाहा, काय त्याचा चेहरा! दिवसभर त्याच्या जवळपास कुणी कुणाला काडी ओढू दिली नाही.

नेस्टरनं मला यालमार आणि वैनो या जोडीला दिलं. यालमार स्वीडिश, डावखुरा, बोलायला फटकळ. वैनो फिनलंडचा, उजवा, कॉफीचा भलता शौकीन. एक डावा आणि एक उजवा, अशी जोडी जमायला नशीब लागतं. झाडाचा बुंधा खाली फार फुगलेला असतो, म्हणून ते खोडात खाचा पाडून फळ्या खोचायचे आणि जमिनीपासून दीड-दोन पुरुष उंचीवर, एकेका फळीवर उभे राहून कापायचे. मी मधे लटकलेली. काय त्यांच्या गप्पा, काय ती चेष्टा! माझे ते सुखाचे दिवस.

मग एका रविवारी वैनोनं यालमारच्या बहिणीला, एब्बाला, मागणी घातली. एब्बा कॅम्पच्या भटारखान्यात वाढपी होती. तिला वैनो मनापासून आवडायचा. पण यालमार ताडकन उठला.

"लाकूडतोड्याला बहीण द्यायची नाही मला."

"अरे, मग तू स्वतः कोण आहेस?" वैनो म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय!"

यालमार आणि एब्बाचा थोरला भाऊ झाडाखाली सापडून गेला होता. ती बातमी घेऊन वहिनीच्या दारात यालमारलाच उभं राहावं लागलं होतं. वैनोत त्याला खोट काढायची नव्हती. त्याला नुसती भीती वाटत होती, पण ते कबूल कोण करणार? आणि एब्बाला या परदेशात आता यालमारशिवाय रक्ताचं कुणी नव्हतं. तो तोंडानं हो म्हणेपर्यंत लग्न करणार नाही, असं तिनं वैनोला सांगून टाकलं.

त्या दिवसापासून दोघांचा अबोला. मित्रांनो, एकाच करवतीची दोन टोकं धरून अबोला! आणि त्यात मरण माझं.

"बाटलीबाई, सांग त्या शहाण्याला, करवत ओढायची असते, ढकलायची नसते."

"बाटलीबाई, त्याला म्हणावं, बहिणीचा राग करवतीवर काढू नकोस."

दिवसभर हेच. नेस्टरच्या कानावर गेलं तेव्हा म्हातारा भडकला. "गाढवांनो, झाडाखाली कसला अबोला धरता? ओरडून सांगायची वेळ आली तर काय करणार आहात?" पण ऐकतो कोण!

ती वेळ आली. झाड अवाढव्य होतं, निम्म्याहून जास्त कापून झालं होतं, आणि वारा सुटला. करवत राळेत रुतली. मी वैनोच्या बाजूला होते. तो मान खाली घालून माझ्यातलं रॉकेल पात्यावर शिंपडू लागला. तेवढ्यात वर काहीतरी कडाडलं. शेजारच्या झाडाची वाळकी फांदी, चांगली बैलाएवढी, नेमकी वैनोच्या डोक्यावर सुटली होती. वैनोला वाटलं, करकरतंय ते आपलंच झाड. यालमारनं मात्र वर पाहिलं. आणि सवय किती वाईट असते बघा!

"बाटलीबाई, सांग त्याला..."

मी काय सांगणार, कप्पाळ! माझ्या तोंडात बूच. यालमारचा आवाज तिथंच चिरकला.

"वैनो! उडी मार! उडी मार रे!"

वैनोनं माझ्यासकट उडी घेतली. फांदी आली ती फळीचा चुराडा करूनच खाली गेली.

जेवणाचे डबे घेऊन एब्बा वाटेवरच होती. तिला फळीचे तुकडे दिसले, वैनो दिसेना. डबे टाकून ती किंचाळत धावली. आम्ही नेच्यांच्या जाळीत चिखलात पडलो होतो, दोघंही शाबूत. तिनं त्याला कॉलर धरून उठवलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

यालमार फळीवरून खाली उतरला. "बघितलंस? बघितलंस ना? म्हणून नको म्हणतो मी!"

"दादा, आत्ता हा गेला असता तर लग्न झालं नाही म्हणून मी कमी रडले असते का?" एब्बा कडाडली. "रडणं नशिबात असेल तर ते असंही आहे अन् तसंही. निदान त्याआधी संसार तरी करू दे मला!"

यालमार खाली बसला. त्यानं दोन्ही हातांत तोंड लपवलं. तसाच म्हणाला, "मी भ्यालो होतो गं. अजून भीती वाटतेय. पण हो. हो म्हणतो मी. वैनो, ऐकलंस का?"

"ऐकलं," वैनो म्हणाला.

अर्धं कापलेलं झाड तसंच सोडता येत नाही. वाऱ्यानं ते कुणावरही पडेल. एब्बाला त्यांनी लांब पिटाळलं, नवी फळी खोचली आणि करवत धरली. त्या दुपारी दोघांनी अशी तोंडं चालवली की माझे कान किटले! "वर बघ!" "बघितलं!" "पाय सांभाळ!" "तू तुझे सांभाळ!" झाड ठरल्या जागी आडवं झालं तेव्हा दोघांचे घसे बसले होते.

पुढे मोटारीवर चालणाऱ्या करवती आल्या आणि माझं काम संपलं. वैनो-एब्बाच्या घरामागच्या लाकडांच्या खोपीत मी खिळ्याला लटकून असते, रिकामी, धुळीनं माखलेली. माझी काही तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमचा घरी कुणाशी अबोला असेल, तर मधे कुणाला घालू नका. स्वतः जा, नावानं हाक मारा. त्या दिवशी एका श्वासाचा उशीर झाला, तेवढा आम्हाला परवडला. प्रत्येक वेळी परवडेलच असं नाही.