नेपोलियन, कांद्याचं सूप आणि मिस हॅडली

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला ताटली समजून माझ्यावर बिस्किटं मांडण्याआधीच सांगून टाकते. मी ग्रामोफोनची जुनी तबकडी आहे. काळी, जड आणि कडेला चीर गेलेली. माझ्या अंगातली लाख पार हिंदुस्थानातल्या झाडांवरून समुद्र ओलांडून आली. मग कारखान्यात दोन तापलेल्या साच्यांमध्ये दाबून मला घडवलं. एवढा खटाटोप कशासाठी, तर माणसांनी खिदळावं म्हणून.

माझ्या एका बाजूला एक सुंदर प्रार्थना आहे. दुसऱ्या बाजूला 'तीन मिनिटांत जगाचा इतिहास' नावाचा आचरटपणा आहे. त्या काळी असल्या गाण्यांचं पेव फुटलं होतं. इतिहासाचं पुस्तक ज्यांनी कधी धड वाचलं नाही त्यांनी गाणी रचायची, आणि ज्यांनी ते उघडलंच नाही त्यांनी ती विकत घ्यायची. माझ्या गाण्यात कोलंबस सासूला कंटाळून जहाजावर चढतो. ट्रॉयच्या लाकडी घोड्यात लपलेल्या सैनिकांना भुशाने शिंका येतात. नेपोलियन तर लढाई हरतो कांद्याच्या सुपामुळे. त्याने त्याचं पोट बिघडतं.

मला विकत घेतलं ऑर्व्हिल टटलने. हा ओहायोतल्या बेलफर्ड गावचा न्हावी. माणूस मनाने चांगला, पण आवडनिवड बेताचीच. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तो मला लावायचा, आणि फेस फासलेली ती तोंडं त्याच जागी, त्याच विनोदाला, रोज नव्याने हसायची. आठ वर्षांत प्रार्थना वाजली एकदाच, तीही चुकून. "काय रे ऑर्व्हिल, कोण गेलं?" असं एकाने विचारलं आणि मला लगेच उलटवलं. त्या दिवसापासून मी माणसांकडून काही अपेक्षा ठेवली नाही.

टटलची मुलगी डेला हे गाणं ऐकतच मोठी झाली. तिला ते अक्षरन् अक्षर पाठ होतं, आणि ते खरं आहे असं तिला वाटत होतं. आठवीनंतर जिल्ह्याची परीक्षा असे. ती पास होणाऱ्या मुलांना जिल्हा आपल्या खर्चाने हायस्कुलात पाठवी. नापास झालेल्या मुली टोमॅटोच्या कारखान्यात जात. डेलाची मर्टल आत्या तिथेच होती. टोमॅटो सोलून सोलून तिच्या बोटांची सालं गेली होती. डेलाला तिकडे जायचं नव्हतं. तिला शिकायचं होतं.

परीक्षा झाली. शनिवारी जिल्ह्याचे शाळा तपासनीस पेनरोझ साहेब दाढीला आले आणि खुर्चीत बसूनच त्यांनी डेलाचा पेपर चारचौघांत वाचून दाखवला.

"'कोलंबस सासूला कंटाळून निघाला.' ऐका मंडळी. 'नेपोलियनचं पोट बिघडलं.'"

दुकान हसून हसून लोटपोट. डेलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"साहेब, गाण्यात तसंच आहे," टटल म्हणाला.

"मग गाण्यालाच पाठव हायस्कुलात. मे महिन्यात आणखी एकदा बसू देतो. तेव्हाही हेच लिहिलं, तर कारखाना आहेच."

सोमवारी डेलाच्या शाळेतल्या बाई, मिस हॅडली, दुकानाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. उंच, सडपातळ बाई, पाठ फळीसारखी ताठ. न्हाव्याच्या दुकानात बायका पाऊल टाकत नसत. त्यामुळे त्या उंबऱ्याबाहेरूनच बोलल्या.

"टटल, ती तबकडी द्या."

"कशाला बाई?"

"फोडायला."

त्याने मुकाट्याने मला त्यांच्या हातात दिलं. खरं सांगते, फुटायला माझी काही हरकत नव्हती.

घरी नेऊन बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि डेलाला समोर बसवलं. "नेपोलियन कोणत्या साली हरला?" डेला नख कुरतडू लागली. "कोलंबस?" दुसरं नख. बाई वैतागल्या. "गाण्यात कोलंबसाच्या नंतर कोण येतं, ते तरी ठाऊक आहे?" डेलाने एका दमात तेरा नावं सांगितली. एकही इकडची तिकडे नाही.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग दिवंगत भावाच्या ग्रामोफोनची किल्ली फिरवली आणि मला लावलं. कडू काढा घशाखाली उतरवताना होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. गाणं संपलं तशी त्यांनी पेन्सिल घेतली आणि मला परत लावलं.

तीन आठवडे रोज संध्याकाळी हेच चाललं. चाल माझी आणि शब्द बाईंचे. मी मनात म्हणे, ही शिकलेली बाई, हिला तरी एकदा मला उलटवून बघावंसं वाटेल. छे. शिकलेल्या लोकांवर माझा जो थोडाफार विश्वास होता, तोही उडाला.

शेवटच्या संध्याकाळी बाई म्हणाल्या, "हे कुणी रचलं, ते कुणाला सांगायचं नाही. कबूल?"

"कबूल, बाई. पण का?"

"गाव मला मान देतं, डेला. माझ्याजवळ दुसरं फारसं काही नाही."

मला दुकानात परत नेताना डेलाने दाराच्या कडेवर आपटलं. ही चीर तेव्हाची. पोरगी आनंदात होती, तिला कळलंही नाही.

परीक्षेनंतरच्या शनिवारी पेनरोझ साहेब पुन्हा खुर्चीत बसले. टटलने फेस फासला, वस्तरा परजला.

"सगळी सालं बरोबर आहेत, टटल. एकही चूक नाही. मागच्या वेळी सासू आणि या वेळी सनावळी? मी काही दूधखुळा नाही. तुझ्या पोरीने कॉपी केली."

"नाही केली," डेला कोपऱ्यातून म्हणाली.

"मग सांग. कोलंबस?"

डेलाने डोळे मिटले. चालीशिवाय तिला एक शब्द आठवत नव्हता. शेवटी ती सरळ गाऊ लागली.

"चौदाशे ब्याण्णव साल, जहाजं तीन,
शोधायला निघाला हिंद अन् चीन."

हसू दाबताना साहेबांचं पोट हललं. "साहेब, हलू नका, वस्तरा मानेवर आहे," टटल म्हणाला.

"अठराशे पंधरा, जूनचा मास,
चिखलात रुतल्या तोफा खास.
उशिरा प्रशियन धावून आले,
सम्राटाचे बारा वाजून गेले."

साहेबांना हसू आवरेना. टटलने वस्तरा वेळीच बाजूला घेतला म्हणून त्यांचा गळा वाचला. पण हसून झाल्यावर त्यांचे डोळे बारीक झाले.

"बरोबर मी विचारलेलंच गाण्यात कसं? प्रश्नपत्रिका पाहून कुणीतरी हे रचलंय. कोण? नाव सांग, नाहीतर निकाल रद्द."

डेला मान खाली घालून उभी राहिली. तिने शब्द दिला होता. टटल विनवण्या करू लागला, "डेला बाळा, सांगून टाक ना." तिने नकारार्थी मान हलवली. टोमॅटोचा कारखाना पत्करला, पण बाईंचं नाव घेणार नाही, असं त्या पोरीने ठरवलेलं दिसत होतं.

बाजाराचा दिवस होता, दुकानाची खिडकी उघडी होती आणि आतलं सगळं रस्त्यावर ऐकू जात होतं. दारावरची घंटा वाजली. मिस हॅडली उंबरा ओलांडून आत आल्या. हातात पिशवी, पिशवीत कोबी.

"मी रचलंय," त्या म्हणाल्या.

"तुम्ही? या चालीवर?" साहेबांच्या हनुवटीवरून फेस ओघळला.

"प्रश्नपत्रिका मी पाहिलेली नाही. सगळ्या पुस्तकावर सत्तेचाळीस कडवी आहेत. कुठलंही मागा."

"रोम," साहेब म्हणाले.

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि वर्गात पाढे म्हणतात त्या आवाजात, ताठ उभं राहून गायला सुरुवात केली. फेस लावलेले, न लावलेले, सगळे पुरुष फिदीफिदी हसू लागले. एकाने तर मांडीवर ठेका धरला. बाईंचे कान लाल झाले, पण त्या थांबल्या नाहीत. मित्रांनो, माझा जन्मच हसवण्यासाठी झाला. तरी त्या हसण्याची मला किळस आली.

डेला हायस्कुलात गेली. बाईंच्या पाठीमागे मात्र गावातली कार्टी वर्षानुवर्षं तीच चाल गुणगुणत राहिली. त्या कधी मागे वळून बघत नसत.

मित्रांनो, मला ठेवायचंच असेल तर उन्हापासून दूर, उभी ठेवा. आडवी ठेवलीत तर मी वाकेन, आणि वाकले तरी जगाचं काही अडणार नाही. पण तुमच्यासाठी कुणी चारचौघांत स्वतःचं हसं करून घेतलं, तर तुम्ही कोपऱ्यात उभे राहू नका. त्या दिवशी रोम संपेपर्यंत बाई एकट्याच गात होत्या. मग डेला कोपऱ्यातून निघाली, खुर्च्यांमधून वाट काढत बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि पुढचं कडवं तिने उचललं, बाईंपेक्षाही मोठ्या आवाजात.