पहिल्या डोसचा मानकरी

यिल्दाऊच्या वाढदिवसाला आईच्या घरी सगळे भिंतीलगत खुर्च्या मांडून गोल बसले होते, आणि आलेला प्रत्येक जण सगळ्यांशी हात मिळवत पुढे सरकत होता. रीतच तशी: जिचा वाढदिवस तिचं अभिनंदन, तिच्या आईचं अभिनंदन, भावाचं अभिनंदन, घरात कुत्रा असता तर त्याचंही झालं असतं. यंदा तर विचारूच नका. यिल्दाऊचं यकृत अखेर कामाला लागलं होतं आणि तिचा रात्रीचा निळा दिवा डॉक्टरांनी कायमचा बंद करायला सांगितला होता.

"बहिणीबद्दल अभिनंदन हं, वीब्रेन!"

"थँक्यू," वीब्रेन म्हणत होता. एक हात त्याने खिशातल्या फोनवर ठेवला होता. त्याच्या रक्ताचा निकाल आज कळणार होता. रक्तातला अडथळा गेला असेल तर बहिणीला मिळालं ते औषध त्यालाही मिळणार होतं. नसेल तर नाही.

दोघा भावंडांना जन्मापासूनची कावीळ. नवजात बाळाला चार दिवस दिव्याखाली ठेवतात ना, तसं ह्या दोघांना रोज रात्री दहा-बारा तास, उघड्या अंगानं, जन्मभर. एक रात्र चुकली की डोळे हळदीसारखे, आणि ओळीनं चुकत गेल्या तर मेंदूवर बेतायचं. यकृतातलं एक जनुकच मुळात बिघडलेलं. हॉस्पिटलातल्या संशोधकांनी एका निरुपद्रवी विषाणूच्या पोटातलं सगळं काढून टाकलं होतं आणि त्या रिकाम्या टरफलात चांगलं जनुक भरलं होतं. टरफलानं रक्तातून यकृतापर्यंत जायचं आणि माल उतरवायचा, एवढंच त्याचं काम.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या चाचणीसाठी दोघांनाही बोलावणं आलं. पहिल्यांना अगदी थोडंसं देणार, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. "तू थांब," वीब्रेन बहिणीला म्हणाला होता. "मी मोठा आहे. काय वाकडं व्हायचं ते माझं होऊ दे." वाकडं काही झालं नाही. सरळही झालं नाही. डोस फारच कमी पडला. पण तेवढ्यात त्याचं शरीर त्या टरफलाला ओळखायला शिकलं, आणि एकदा ओळख पटली की रक्त त्याला पुन्हा यकृताच्या आसपास फिरकू देत नाही. क्वचित कुणाची ही ओळख पुसट होते, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. त्या 'क्वचित'वर वीब्रेन इतके दिवस तग धरून होता.

"डोळे बघा पोरीचे!" शूर्डमामा ओरडला. "परवापरवापर्यंत लिंबू होती, आता उकडलेलं अंडं झालीय!"

"आणि तू जन्मापासून बटाटा आहेस मामा, तुझ्यावर औषध नाही," यिल्दाऊ म्हणाली. सगळे हसले. वीब्रेनही हसला असावा, कारण शेजारच्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात फोन वाजला. तो स्वयंपाकघरात गेला. आई तिथे गुलाबी आयसिंगचा संत्र्याचा केक कापत होती.

"वीब्रेन, बसला आहेस का?" डॉक्टरांनी विचारलं.

"उभा आहे. सांगा."

"रक्ताची ती ओळख जराही पुसट झालेली नाही. ह्या टरफलातून तुला पुन्हा काही देता येणार नाही."

"दुसरं टरफल?"

"काम चाललंय. पण वर्षं लागतील, आणि मी उगाच आशा लावणार नाही." त्या पुढे म्हणाल्या, "एवढ्याशा डोसनं भागत नाही हे तुझ्यामुळे कळलं. त्यावरूनच आम्ही यिल्दाऊचा डोस ठरवला."

"हो. माहीत आहे मला." मग शुक्रवार होता म्हणून तो म्हणाला, "शनिवार-रविवार मजेत जावो तुमचा."

फोन ठेवून तो वाट बघत राहिला. रडू येईल, राग येईल, निदान वाईट तरी वाटेल. काही म्हणजे काही झालं नाही. चीजचे तुकडे ताटलीत तसेच पडले होते. त्यानं एकेकात काडी खोचायला घेतली, कुणीतरी खोचायलाच हव्या होत्या.

"काय म्हणाल्या?" आईनं विचारलं.

"नाही म्हणाल्या."

आईची सुरी केकमध्येच अडकली. "अरे देवा."

"काप तू आई. लोक थांबलेत."

तो ताटली घेऊन बाहेर आला, तर शेजारच्या ऑक्येकाकू उशिरा उगवलेल्या. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "बहिणीबद्दल मनापासून अभिनंदन रे बाबा! किती आनंद झाला असेल ना तुला!"

"खूप," वीब्रेन म्हणाला. "चीज घ्या."

यिल्दाऊनं समोरून त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. ती उठून त्याच्या शेजारी येऊन बसली.

"त्या वेळी मी जायला हवं होतं," ती हळू आवाजात म्हणाली.

"मग आज तू चीज वाटत फिरली असतीस. खा गुपचूप."

"चिड ना माझ्यावर. ओरड. काहीतरी कर."

"येतच नाहीये गं. खरंच. काहीच येत नाहीये."

सहाच्या सुमारास तो उठला. दोघं भावंडं आईपासून वेगळी, एकाच घरात राहत, आणि दिव्याखाली वेळेवर पडायचं तर एवढ्यात निघावंच लागे. लग्न असो, मयत असो, दोघांनी एकदम उठायचं हे लहानपणापासूनचं. आईनं सवयीनं पॅसेजमध्ये जाऊन दोघांचेही कोट आणले. दारात आल्यावर आता एकच कोट लागणार हे तिच्या ध्यानात आलं आणि ती तिथेच थबकली. शूर्डमामासारखा शूर्डमामा, तोसुद्धा चीजबरोबरच्या मोहरीच्या चटणीची वाटी न्याहाळत बसला.

वीब्रेननं आपला कोट अंगात घातला. आईच्या हातावरचा दुसरा कोट उचलून तो परत अडकवायला पॅसेजमध्ये गेला. कॉलरचा फासा खुंटीवर काही केल्या बसेना. एकदा निसटला, पुन्हा निसटला. त्याला तिचा हेवा वाटत होता. सख्ख्या बहिणीचा, स्वतःची लाज वाटावी इतका. तो कोटांमध्ये तोंड खुपसून हमसाहमशी रडू लागला.

मागे यिल्दाऊ येऊन उभी राहिली. "थांब, मीपण येते तुझ्याबरोबर."

"नको," तो तोंड न वळवताच म्हणाला. "तू जेवून ये."