एकाच एम-एटीवर दोन मतं

पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून लिहितेय. बाळ उठायच्या आत संपवायचंय.

आमच्या निमोण्यात दर लोकसभेला माझे सासरे, म्हणजे अब्बा, आणि त्यांचे दोस्त संपतआबा एकाच जुन्या एम-एटी मोपेडवर बसून मतदानाला जातात. आबा सरकारच्या पक्षाचे, अब्बा विरोधातले. एकाचं मत दुसरा खोडतो, तरी तीस वर्षांत एकटं कुणी गेलेलं नाही.

यंदा मतदानाला आठ दिवस असताना सरहद्दीकडच्या एका बाजारात स्फोट झाला. एकवीस माणसं गेली. मग टीव्हीवर दिवसभर तेच: मतं कुणाकडं वळणार, कुठला देश आपल्याशी लष्करी करार करणार. पारावर अब्बा आले की काहीजण आवाज बारीक करायचे. आणि संपतआबा तर आमच्याकडं फिरकलेच नाहीत.

मतदानाच्या सकाळी अब्बा इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले. दहा वाजून गेले.

"मी सोडते ना स्कूटीवर."

"नको. त्यो आला तरच जाईन."

मी स्कूटीची किल्ली परत खुंटीला अडकवली. मताचं जाऊ दे, पण हा माणूस उद्यापासून कुणाशी भांडणार?

तेवढ्यात एम-एटीची फटफट ऐकू आली.

"सिद्दीक, चल! नवरदेवावानी काय बसलास?"

"आठ दिस कुठं मेला व्हतास?"

आबांनी मान खाली घातली. "यायला तोंड न्हवतं, गड्या. माझं मत फिरलंय. येवढा बंदोबस्त आसताना स्फोट व्हतोच कसा? औंदा तुज्या पक्षाला देनार."

अब्बांनी कपाळावर हात मारला. "आरं येड्या! मी तुज्या पक्षाला द्यायचं ठरवलंय! परदेशाशी कराराची बोलनी चाललीत. मधीच सरकार बदललं तर समदं बोंबलंल."

"म्हंजी पुन्ना खोडाखोडीच?"

दोघं एवढे हसले की बाळ दचकून उठलं.

गाडी मात्र सुरू होईना. "फरहत, पोरी, जरा ढकल," आबा म्हणाले. बाळाला कडेवर घेऊन एका हातानं ढकलली. वळणापर्यंत भांडण ऐकू येत होतं.

"करार रशियाशीच व्हावा, आपला जुना दोस्त हाय!" अब्बा म्हणत होते.

"जुना दोस्त काय कामाचा?"

"मग मला न्यायला कशाला आलास?"