कंदुकनाथाचे पाच रविवार

रविवारी सकाळी सात वाजता करमाडच्या मारुतीच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर पांढरा पडदा, पडद्याला झेंडूचा हार, खाली समई, आणि पडद्यावर अमेरिकेतले साडेसहा फुटी गडी चेंडू आपटत इकडून तिकडे पळत होते. बास्केटबॉल कशाशी खातात हे गावात फार तर पाच जणांना ठाऊक असेल. तरी चेंडू कड्यातून खाली पडला की बायाबापड्या हात जोडत होत्या. अखेर हिरव्या बनियनवाले हरले, निळे जिंकले, आणि मंडप दणाणला, “कंदुकनाथ महाराज की जय!”

हा पाचवा रविवार. दर शनिवारी संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महाराजांचा निरोप यायचा. आधी त्या हप्त्याची संघांची क्रमवारी, म्हणजे पहिल्या पाटावर डेन्व्हर, दुसऱ्या पाटावर बोस्टन, अशी दहा पाटांची पंगत. त्याखाली एकच ओळ, उद्या कोण जिंकणार. निरोप गावाबाहेर दाखवायचा नाही, दाखवला तर त्यातलं तेज उडतं, अशी सक्त ताकीद होती. पाच शनिवार निरोप आला आणि पाच रविवार तो खरा निघाला.

निकाल लागल्यावर महाराज आज प्रथमच गावात आले. वय चाळिशीच्या आतलं, दाढी मात्र सत्तरीची. गादीवरून ते गरजले, “क्रिकेटचं तर पानटपरीवाला बी सांगतो! म्हणून आम्ही सात समुद्रापल्याडचं सांगतो. चेंडू म्हणजे जीव अन् कडं म्हणजे मुक्ती! जीव कड्याला थडकतो, गरगर फिरतो, पण आत पडायचा का बाहेर, ते नाथाला आदल्या दिवशीच दिसतं!” मग मुक्तीला खालून उघडी जाळी कशाला लावली, हे काही कुणी विचारलं नाही.

खांबाला टेकून बद्रीनाथ हे सारं बघत होता. शहरातल्या एका शाळेत तो वीस वर्षं मुलांना बास्केटबॉल शिकवत होता. शाळेच्या फळ्यावर तोही दर शनिवारी याच अमेरिकन संघांची क्रमवारी लिहायचा, रविवारचा अंदाज द्यायचा, आणि चुकला की मुलं त्याला सोमवारी हसायची. जाणकाराचे दहातले तीन अंदाज फसतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. या पाचांतले त्याचे दोन फसले होते. महाराजांचा एकही नाही.

त्याचा थोरला भाऊ कारभारी गर्दीतून उठला. शेजारी त्याची बायको द्वारकाबाई पदर सावरत उभी राहिली. तिच्या छातीत गाठ होती. डॉक्टरांनी तपासणीचे कागद पाहून नऊ दिवसांनी येणाऱ्या मंगळवारी ऑपरेशन ठरवलं होतं. कारभारीनं हात जोडले. “महाराज, हिला कापू द्यावं का?”

महाराजांनी डोळे मिटले. “लोखंड लागू देऊ नका. चाळीस दिवस अंगारा अन् पाणी. गाठ विरघळंल.”

आई गेली तेव्हा बद्रीनाथ नऊ वर्षांचा होता. त्याला या वहिनीनं वाढवलं होतं, पाठीवर धपाटे घालून आणि पोटाशी धरूनही.

घरी आल्यावर तो म्हणाला, “दादा, चाळीस दिवस लई होतात. ती गाठ थांबणार नाय.”

“तुला काय कळतंय?” कारभारी उसळला. “वीस वर्षं तू तोच खेळ शिकवतोस. तुझा अंदाज दोनदा चुकला का नाय?”

“चुकला.”

“महाराजांचा?”

द्वारकाबाई चुलीपुढून म्हणाली, “जाऊ द्या भावजी. तुमचे दादा म्हणतील तसं.” तव्यावरची भाकरी मात्र तिनं करपेपर्यंत उलटली नाही.

खरं सांगायचं तर मोटारसायकलवरून शहराकडे परतताना तो स्वतःच डळमळला होता. डोळे मिटून ठोकलं तर पाचही बरोबर यायची शक्यता किती? मनातल्या मनात त्यानं हिशेब मांडला. बत्तिसांत एक. या माणसाला ती एक कशी साधली? आणि साधली असेलच, तर वहिनीला ओढून दवाखान्यात नेणारा मी कोण? या विचाराची त्याला लाज वाटली, पण विचार जाईना.

दादा आपलं ऐकत नाही, थोरल्या बहिणीचं ऐकेल, म्हणून गुरुवारी तो पिशोरला गेला. वच्छलाबाई दारात आली तेव्हा त्यानं तिला क्षणभर ओळखलंच नाही. गाल बसले होते, डोळे खोल गेले होते.

“आक्का, आजारी हाईस का?”

“उपास धरलेत,” ती म्हणाली. वहिनीचं ऐकून तिचे डोळे भरले, पण करमाडला यायला ती तयार होईना. “माझं पाऊल नको तिथं. आमच्यात खोट निघाली बद्री. माझ्यामुळं निघाली.”

“कसली खोट?”

मोठ्या मिनतवारीनं तिनं सांगितलं. कंदुकनाथाचा निरोप पिशोरलाही यायचा. दोन रविवार खरा निघाला, तिसऱ्याला उलटा पडला. लगेच चेल्याचा फोन आला. गावात कुणीतरी नेम मोडलाय, शोधा, आणि बाहेर बोभाटा करू नका, नाहीतर गावावर कोप होईल. शोध करता करता बायांनी वच्छलाबाईला गाठलं. त्या रविवारी तिनं उकडलेलं अंडं खाल्लं होतं. “अंगात रक्त कमी म्हणून डाक्टरनं सांगितलं व्हतं रे. तवापासून भजनी मंडळात मला बसू देत नायत. साऱ्या गावाचं माझ्यामुळं वाटोळं झालं म्हणतात.”

“आक्का, तो निरोप दाखव.”

“दाखवू नाय म्हणलेत.”

“दाखव म्हणतो ना!”

तिनं घाबरत फोन पुढे केला. तिसरा शनिवार, संध्याकाळचे सहा. उद्या बोस्टन जिंकणार. बद्रीनाथनं आपल्या फोनवरचा करमाडचा ग्रुप उघडला. तोच शनिवार, तेच सहा. उद्या डेन्व्हर जिंकणार.

त्यानं दोन्ही निरोप पुन्हा वाचले. बत्तीस वेळा ठोकायची या माणसाला गरजच नव्हती, बत्तीस गावं धरली की झालं. आणि आपली आक्का एका अंड्यापायी अडीच हप्ते स्वतःला खात बसली होती.

पण पुरावा हवा होता, आणि दुसऱ्या गावाची माणसं तोंड उघडणार नव्हती. आपल्या गावात खोट आहे हे कोण सांगेल? वच्छलाबाईलाच सुचलं. “करमाडच्या लेकी जिल्हाभर दिल्यात की. माहेरच्या माणसाला त्या खोटं सांगायच्या नायत.” संध्याकाळपर्यंत भावंडांनी वीस फोन केले. आक्काचं धरून चौदा लेकींच्या गावांत निरोप येत होता. सात गावांत पहिल्याच रविवारी खोटा निघालेला, चारांत दुसऱ्या, दोनांत तिसऱ्या, एकात चौथ्या. प्रत्येक गावात कुणीतरी गुन्हेगार शोधून काढला होता. एके ठिकाणी तर बाळंतिणीवर आळ घेतला होता.

सहाव्या रविवारी मंडप पुन्हा भरला. या वेळी सामना नव्हता, नुसते प्रश्न होते, कारण आता महाराजांवर भरवसा बसला होता. बद्रीनाथनं माईक हातात घेतला आणि फोन माईकला लावला.

“मी मनकर्णा बोलतेय. खुलताबादेजवळ दिलीय मला. आमच्या गावात पहिल्याच हप्त्यात खोटं निघालं.”

दुसरा फोन लागला. “मी साळूबाई. आमच्याकडं दुसऱ्याला.”

मंडपात कुजबुज सुरू झाली. आपल्याच लेकींचे आवाज होते ते, कुणाची बहीण, कुणाची पोर. मग वच्छलाबाई उठली. भावाबरोबर पिशोरहून आलेली ती सगळ्यांसमोर उभी राहिली. “पिशोरात तिसऱ्याला. मी अंडं खाल्लं म्हणून झालं म्हणतात.”

“बघा!” महाराजांनी तेवढंच पकडलं. “खोट त्या गावांत व्हती. करमाड निर्मळ हाय!”

“महाराज,” बद्रीनाथ म्हणाला, “आक्कानं अंडं खाल्लं रविवारी. उलटा निरोप तुम्ही धाडला शनिवारी. न खाल्लेलं अंडं तुम्हाला आदल्या दिवशीच बाधलं का?”

कुणीतरी फस्सकन हसलं. बद्रीनाथनं तिसऱ्या शनिवारचे निरोप उघडून आपला आणि आक्काचा फोन शेजारी धरून लोकांकडे फिरवले. “दोघांपैकी एक संघ जिंकणारच. बत्तीस गावं धरली. सोळांना सांगितलं हे जिंकतील, सोळांना सांगितलं ते. सोळांत खरं निघालं. बाकीच्यांना खोट लावून गप्प बसवलं. पुढं सोळांचे आठ, आठांचे चार, चारांचे दोन, दोनांचं एक. ते एक गाव म्हणजे आपण. पिशोर उरलं असतं तर ही गादी तिकडं लागली असती. आता महाराजांनी पुढच्या पाच सामन्यांचं ह्याच माईकवर, साऱ्या गावांना एकच सांगावं. सांगा महाराज!”

महाराजांची समाधीची वेळ झाली होती. चेल्यांनी गादी गुंडाळली. गाडी हलली तेव्हा चार-दोन माणसांनी तरीही तिला वाकून नमस्कार केला, आणि ते पाहून बद्रीनाथला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

“मी हात जोडून सांगतो,” तो माईकवर म्हणाला, “कुणी म्हणलं आमचं कधीच चुकत नाय, तर एवढंच विचारा, ज्यांच्याकडं चुकलं ती माणसं कुठं हाईत? त्यांना गप्प बसवू नका. त्यांचं आधी ऐका.”

घरी जाताना कारभारी एवढंच म्हणाला, “चार लोकांत माझी इज्जत काढलीस.” त्या रात्री तो जेवलाही नाही. तरी मंगळवारी दवाखान्यात तोच पुढे होता. डॉक्टरीणबाई संमतीचा कागद घेऊन आल्या तसा त्यानं विचारलं, “मॅडम, ही नक्की बरी होईल ना?”

“नक्की असं मी सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “गाठ अजून पसरलेली दिसत नाही, म्हणून आशा चांगली आहे. पण आत काय आहे ते उघडल्यावर कळेल. माझा अंदाज चुकला तर तेही तुम्हाला सांगेन.”

कारभारीचा चेहरा पडला. त्यानं बद्रीनाथकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि कागद घ्यायला त्याचा हात पुढे होईना.

द्वारकाबाई खाटेवर उठून बसली. “आणा इकडं,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “अंगठा कुठं करू?”

“अगं, त्यांना बी पक्कं ठाऊक नाय,” कारभारी पुटपुटला.

“व्हय,” ती म्हणाली, “पण तसं तोंडावर सांगतात तरी.” आणि तिनं शाईत अंगठा बुडवला.