पुसलेली ओळ

मी एक जुना टीव्ही आहे, मित्रांनो. बेचाळीस इंची, काळ्या काठाचा, उजव्या कोपऱ्यात बोटभर फिकट डाग पडलेला. माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पाठीत पट्ट्या बसवल्या, एका तपासनिसाने मला लाल, हिरवा, निळा असे रंग दाखवायला लावले आणि शिक्का मारून खोक्यात घातले. खोक्यावर ‘स्मार्ट’ असे ठळक अक्षरांत छापले होते. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटे. आज कुणी मला स्मार्ट म्हटले की टोचते.

मी ज्या घरात गेलो तिथे दोनच माणसे होती, अण्णा आणि त्यांची मुलगी. मुलीला सगळे ताई म्हणत, वडीलसुद्धा. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात राहत होता. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. अण्णांनी एकतीस वर्षे बसस्थानकावर घोषणा करण्याचे काम केले होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार, कोणती उशिरा येणार, हे सांगणारा तो आवाज त्यांचा. निवृत्त झाल्यावर ते माझ्यासमोर बसून बातम्या देणाऱ्यांच्या चुका काढत. “अरे, शब्द गिळू नकोस, चावून बोल,” असे ते मलाच बजावत. मला वाईट वाटत नसे. पहिली चार वर्षे माझी अशी मजेत गेली.

एका सकाळी दाढी करताना अण्णांच्या हातातून वस्तरा पडला. त्यांच्या मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. तीन आठवड्यांनी ते घरी आले तेव्हा त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडात दोनच शब्द उरले होते, ‘हो’ आणि ‘ते’. पाणी हवे असले तरी ‘ते’, खिडकी लावायची असली तरी ‘ते’. समोरच्याला कळले नाही की ते डाव्या हाताने मांडीवर चापट मारत आणि मान फिरवत.

मंगळवारी आणि शुक्रवारी वाचा-उपचार करणाऱ्या बाई येऊ लागल्या. बाई कडक होत्या, पण मनाने मऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी ताईला बाजूला घेऊन सांगितले की अण्णांना बोलता येत नाही याचा अर्थ समजत नाही असा नव्हे. रोज थोडे थोडे जास्त समजत जाईल. तेव्हा ते खोलीत नसल्यासारखे त्यांच्यासमोर काही बोलायचे नाही. ताईने हे अक्षरशः पाळले. धाकट्याचा फोन आला की ती उठून आतल्या खोलीत जाई.

बाईंनी सरावासाठी चित्रे आणि शब्द दिले होते. ते ताईच्या लॅपटॉपवर होते. त्याच लॅपटॉपवर ती शाळेच्या पुस्तकांची पाने लावण्याचे काम घरूनच करत असे. पण त्या छोट्या पडद्यावर अण्णांना उजवीकडचे काही दिसेचना. बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हा एवढा थोरला भिंतीवर नुसता टांगून कशाला ठेवलाय?”

ताईच्या लॅपटॉपला माझी वायर बसेल असे भोकच नव्हते. म्हणून ॲप शोधणे आले. पहिल्या ॲपला मी सापडलोच नाही. मी डोळ्यांसमोर भिंतीवर, आणि ते म्हणते, उपकरण आढळले नाही. दुसऱ्याने मला शोधले, पण दर दोन मिनिटांनी साबणाची जाहिरात लावली, आणि चित्र पुढे, आवाज मागे असा वरातीमागून घोडा चालवला. तिसरे मात्र लागले. ते लॅपटॉपवरही घालायचे आणि माझ्यातही. दोघे एकाच वायफायवर हवेत. मग मी चार आकडे दाखवायचे, ताईने ते तिकडे टाकायचे, की तिच्या पडद्यावरचे सगळे जसेच्या तसे माझ्यावर. त्यात फक्त एकच खिडकी दाखवायची सोय होती, पण त्याला दोन बटणे जास्त दाबावी लागत. ताईने ‘पूर्ण पडदा’ निवडला. चार दिवसांनी रोज रोज आकडे टाकायचा कंटाळा आला, तेव्हा तिने ‘हे उपकरण लक्षात ठेवा व आपोआप जोडा’ या ओळीपुढे बरोबरची खूण केली. मीही ते लक्षात ठेवले. लक्षात ठेवणे हा माझा धर्मच.

माझ्यावर पहिल्यांदा पेल्याचे चित्र आले तेव्हा अण्णा खुर्चीत पुढे सरकले. माझ्यावर पेला हातभर उंच दिसत होता. त्यांनी बराच वेळ ओठ हलवले आणि ‘पे’ एवढेच म्हणाले. ताई स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. बाईंनी माझ्या काठावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. मित्रांनो, इतकी शाबासकी मला जन्मात कधी मिळाली नव्हती.

त्यानंतर चार महिने आम्ही सगळ्यांनी जिवाचे रान केले. ‘पे’चा पेला झाला. मग दार, उशी, चप्पल असे शब्द आले. ताईचे नाव यायला दोन महिने लागले, पण एका सकाळी तिने पडदे सरकवले तेव्हा अण्णा स्वच्छ ‘ताई’ म्हणाले. पुढे बाई छोटी वाक्ये देऊ लागल्या. अण्णा डाव्या हाताचे बोट हवेत धरून एकेका शब्दावरून सरकवत. तोंडाने सगळे वाक्य येत नसे, पण अर्थ कळल्यावर ते बरोबर चित्र दाखवत. बाई म्हणाल्या की मनातल्या मनात ते आता पुष्कळ वाचत असणार, तोंड मागून येईल.

ताईला मात्र हे दिसण्याइतकी ताकद राहिली नव्हती. सकाळी अण्णांना उठवायचे, आंघोळ घालायची, भरवायचे, दुपारी सराव, आणि मधल्या वेळात पुस्तकांची पाने. तिची पाठ दुखे. केस विंचरायचे राहून जात. सहा महिन्यांत ती घराबाहेर गेली ती औषधांच्या दुकानापुरती. धाकटा रोज विचारपूस करी. ती रोज ‘ठीक’ म्हणे. तोही ते खरे मानून मोकळा होई.

एका दुपारी सराव झाल्यावर तिने जोडणी बंद केली, अण्णांसाठी माझ्यावर प्राण्यांचा कार्यक्रम लावला आणि लॅपटॉप घेऊन ती आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने वीज पळभर गेली आणि आली. मी पुन्हा सुरू झालो. वायफाय सुरू झाले. आत लॅपटॉप उघडाच होता. ‘आपोआप जोडा’ असे मला सांगितलेले होते. मी जोडून घेतले.

अण्णांसमोर हरणांच्या जागी ताईचा पडदा आला. ती धाकट्याला लिहीत होती. अक्षरे एकामागून एक उमटत होती. तिने लिहिले की ती फार थकली आहे. लिहिले की बाई आशा दाखवतात, पण तिला तसे काही दिसत नाही, अण्णांना आता काही कळत नाही. मग तिने नवी ओळ सुरू केली.

‘खरं सांगू, अण्णा त्याच दिवशी गेले असते तर बरं झालं असतं.’

ही ओळ लिहून ताई थांबली. ती आत काय करत होती, मला माहीत नाही. कदाचित तिने तोंडावर हात ठेवला असेल, कदाचित नुसती बघत बसली असेल. ती ओळ बराच वेळ माझ्यावर राहिली. अण्णांनी सवयीने बोट उचलले होते. ते पहिल्या शब्दापासून निघाले. ‘अण्णा’वर थांबले, पुढे गेले, परत मागे आले. चार महिने आम्ही ज्या कामासाठी झटलो, ते त्या दुपारी फत्ते झाले. त्यांनी ते वाक्य शेवटपर्यंत वाचले. मग बोट मांडीवर ठेवले आणि मान खिडकीकडे फिरवली.

त्यानंतर ताईने ती ओळ पुसली. तिच्या वरच्याही पुसल्या. सगळे पुसून लिहिले, ‘आज थोडी दमलेय इतकंच. अण्णा छान आहेत. तू काळजी करू नकोस.’ आणि तेवढेच पाठवले. पुसलेले कुणालाच मिळायचे नव्हते. पण अण्णा तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. मला फक्त दाखवता येते. काम आटोपून तिने लॅपटॉप मिटला आणि मी कोरा झालो.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी बोट उचलणे बंद केले. पेल्याचे चित्र आले तरी ते खिडकीकडे बघत. ताईने आधी माझ्यावरच खापर फोडले. उजेड वाढवला, रंग बदलले, वायफायचा डबा बाहेरच्या खोलीत आणून ठेवला, दोन नवी ॲपे घालून पाहिली. बाईंनी पुन्हा पेला, दार, उशी इथून सुरुवात केली. अण्णा त्यांच्याकडे बघून नुसते हसत. बाई म्हणाल्या की कधी कधी गाडी मागे येते, धीर धरा. पण जाताना दारात त्या बराच वेळ थांबल्या. काहीतरी झाले आहे हे त्यांनी ओळखले होते, काय ते त्यांना सापडत नव्हते.

दीड महिन्याने धाकटा आला. बहिणीचा अवतार बघून तो चपापला. त्याने एका शुश्रूषागृहाची चौकशी करूनच ठेवली होती. तिथे परिचारिका होत्या, व्यायामाची सोय होती, बागही होती. ताई भांडली. ती म्हणाली की ती असेपर्यंत अण्णा कुठेही जाणार नाहीत. या वेळी दोघेही अण्णांसमोरच बोलत होते. बाईंचा नियम कुणाच्या लक्षात राहिला नव्हता.

“जातो,” अण्णा म्हणाले.

दोघांनी वळून पाहिले. सहा आठवड्यांत घरात अण्णांचा आवाज उमटला नव्हता.

ताई त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “अण्णा, तो काय म्हणतोय ते कळतंय का तुम्हाला?”

“कळतं,” अण्णा म्हणाले. मग एकेक शब्द शोधत, चावून म्हणाले, “सगळं. कळतं. ताई.”

तिला वाटले, ते दम खाऊन बोलत आहेत. ती आनंदाने रडली. त्यांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला. रविवारी अण्णांची पिशवी भरली गेली.

ते गेल्यावर घर रिकामे झाले. ताई पुष्कळ झोपली. केस कापून आली. आठवडाभराने एका संध्याकाळी तिने एकटेपणा वाटू नये म्हणून मला सुरू करून ठेवले आणि आत जाऊन काम उघडले. मी नेहमीप्रमाणे जोडून घेतले. मधेच ती पाणी प्यायला बाहेर आली आणि खोलीच्या मध्यावर थबकली. तिने लावायला घेतलेले पान माझ्यावर होते. ती आत गेली, काहीतरी टंकले, परत बाहेर येऊन पाहिले. पुन्हा आत गेली, ते पुसले, पुन्हा पाहिले. मग तिने लॅपटॉप बाहेर आणला आणि धाकट्याला पाठवलेले निरोप मागे मागे सरकवत त्या दुपारपर्यंत नेले. ‘अण्णा छान आहेत.’ तारीख आणि वेळ तिथे लिहिलेली होती. सराव कोणत्या दिवशी थांबला ते बाईंनी नोंदींसाठी घरी ठेवलेल्या वहीत होते. तिने वही काढली आणि ती उघडी ठेवून जमिनीवर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती शुश्रूषागृहात गेली. तिथे मी नव्हतो. परत आल्यावर ती धाकट्याशी फोनवर बोलली तेवढेच मला ठाऊक. तिने अण्णांना सगळे सांगितले होते. की ती ओळ तिने पुसली, कुणाला पाठवली नाही, एका वाईट क्षणात हातून लिहिली गेली, घरी चला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले, तिचे डोळे पुसले आणि घरी यायला नको म्हणाले. इतकेच म्हणाले, “खरं होतं.” ते रागाने म्हणाले असते तर बरे झाले असते, असे ती धाकट्याला सांगत होती. राग तिला समजावता आला असता.

मला नंतर भिंतीवरून काढले. ताईला माझ्याकडे बघवत नव्हते. आता मी एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत आहे. आवाज बंद करून माझ्यावर दिवसभर हसऱ्या माणसांचे दात दाखवतात. बाकांवरची माणसे मोबाइलमध्ये मान घालून बसतात. माझे मला फारसे दुःख नाही. मला सांगितले तेवढेच मी केले. पण तेच करायला नको होते, असे मला रोज वाटते, आणि त्यावर माझ्याकडे काही औषध नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला काहीही ‘आपोआप’ करायला सांगण्याआधी दोनदा विचार करा. काम झाले की जोडणी तोडा, आणि तुटली का ते उठून, डोळ्यांनी बघा. ही झाली यंत्राची गोष्ट, ती कुणीही शिकवेल. दुसरी गोष्ट तुमची तुम्हालाच करावी लागेल. थकलात तर ज्याच्यासाठी थकलात त्याच्या शेजारी बसून त्याला सांगा. अण्णांनी तिचा हात धरला असता, “हो” म्हणाले असते. तो शब्द तर त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होता.