चार सुरांची मी, दोन नावांची

मी सिक्स्थ कॉर्ड बोलतेय. कॉर्ड म्हणजे एकदम दाबलेले सूर. सा, ग आणि प हे तिघे पूर्वीपासून गुण्यागोविंदाने राहत होते. एकदा कुणाचं तरी बोट घसरलं, सप्तकातला सहावा सूर ध "जरा सरका" म्हणत शेजारी टेकला आणि मी जन्मले.

खालचा सूर उचलून वर ठेवला की मी उलटते, पण सूर तेच राहतात. मात्र ध सगळ्यांच्या खाली बसला, की लोक मला मायनर सेव्हन्थ म्हणू लागतात. एकाच बाईला कुणी मावशी म्हणावं, कुणी आत्या, तसलं हे. आवाजही मग थोडा रडवेला होतो माझा.

अलीकडे मी एका निवृत्त बसड्रायव्हर काकांच्या हाती पडले. स्वतःच्या लग्नात लेक गाणार आणि काका कीबोर्डवर साथ करणार, असं ठरलं होतं. सगळं गाणं ते झोकात वाजवत. माझ्यापाशी मात्र हाताला लांब उडी मारावी लागे, आणि तिथे गाडी बंद.

"ही बया नकोच," ते करवादले. "गाळतो हिला. कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना, बाबा," लेक म्हणाली. "तिथेच तर माझा आवाज चढतो."

काकांना कीबोर्ड शिकवणाऱ्या बाईंनी तोडगा काढला. ध खाली घेऊन मला उलटी वाजवायची, म्हणजे पंजा फारसा हलत नाही. काकांनी घोकलं. मी जीव मुठीत धरून बसले. गाळलं असतं तर दाद कुणाकडे मागणार?

लग्नाला हॉल भरलेला. माझी जागा आली आणि काकांची बोटं हवेतच थिजली. लेक त्यांच्याकडे बघत राहिली. पहिल्या रांगेतून बाई कळवळून म्हणाल्या, "काका, उलटी करा. उलटी!"

झालं. व्याही खुर्चीसकट मागे सरकले. कुणी पाणी आणायला धावलं. काकूंनी तर टेबलावरची फुलदाणी रिकामी करून काकांच्या हनुवटीखाली धरली.

काकांनी मान बाजूला काढली, ध खाली घेतला आणि मला दाबलं. लेकीचा आवाज माझ्यावर पाय ठेवून चढला. मला फार म्हणजे फारच आनंद झाला.

आता लेक तिच्या घरी असते. काका रोज मला वाजवतात, ध खालीच ठेवून, आणि बराच वेळ बोटं उचलत नाहीत. परवा काकू म्हणाल्या, "अहो, सरळ वाजवा की. रविवारी येतेय ती." काकांनी ध वर नेला, सा खाली आला आणि माझा सूर हसरा झाला.

तुमच्या हाती लागले, तर मला नावं खुशाल ठेवा. फक्त आधी खाली कोण बसलंय, तेवढं बघा.