केळीवालं इंजिन

"भारतीय रेल्वे ही एकशे चाळीस कोटी जनतेची मालमत्ता आहे," असं कौतिकनानांनी अमळनेर आणि नरडाण्याच्या मधल्या एका लहानशा स्टेशनावर खणखणीत आवाजात जाहीर केलं.

"बरं," स्टेशन मास्तर म्हणाले. "मग बाकीच्यांची संमती आणा. तोवर कॅमेरा पिशवीत."

नाना फैजपूरचे, केळीचे बागायतदार. साडूच्या मुलीची हळद सोडून, दोन बस बदलून भर उन्हात इथवर आले होते ते एका डिझेल इंजिनासाठी. नानांची केळी वॅगनीत भरून पहिल्यांदा दिल्लीला गेली, ती त्याच्याच मागे. घरात इंजिनांचे हजारभर फोटो. पोराच्या लग्नाचा अल्बम त्यापुढे किरकोळ. पण या इंजिनाचा एकही नव्हता. आणि आज त्याला मालगाडीला जोडून भंगारात नेत होते.

"मोबाईलनं काढला असता तर मी पाहिलंच नसतं," मास्तर जांभई देत म्हणाले. "हा तोफेएवढा कॅमेरा आणलात, तो दिसला. दिसलं की लिहावं लागतं. तुम्हीही लिहा, रीतसर अर्ज. वर विचारतो."

नाना अर्ज लिहायला बसले आणि तिथेच घोळ झाला. 'एक इंजिन' एवढं लिहून भागलं असतं. पण इंजिनवेड्याचा हात तेवढ्यावर थांबतो कुठे. नानांनी इंजिनाचा नंबर लिहिला, ते कोणत्या शेडचं ते लिहिलं, जळगाव किती वाजता सोडलं ते लिहिलं, आणि इथून एक बावन्नला जाईल असं लिहून खाली रेघ मारली.

मास्तरांनी अर्ज दोनदा वाचला. "एक बावन्न? मला तर दोन-दहा सांगितलंय. तुम्हाला कुठून कळलं?"

"आमचा ग्रुप आहे, साहेब. जळगावच्या योगेंद्रनं..."

"यास्ले बठ्ठं माहीत शे," दारातला पॉइंट्समन कौतुकानं म्हणाला. नानांना सगळं माहीत, या शिफारशीनं प्रकरण आणखी बिघडलं.

"बसा," मास्तर म्हणाले. "आता खुलासा लिहा."

ग्रुपमध्ये कोण, किती, कशासाठी. नाना भिंतीकडे तोंड करून लिहीत राहिले. दुसऱ्या पानावर हॉर्न वाजला. ते अर्धे उठले.

"खुलासा पुरा झाल्याशिवाय हलायचं नाही," म्हणत मास्तर हिरवी झेंडी घेऊन बाहेर गेले. टेबलावरचा कप बशीत थरथरला. नुसत्या आवाजावरून नानांना वॅगनी मोजता येत. आज मोजल्या नाहीत. आवाज नरडाण्याकडे विरत गेला. भिंतीवरच्या घड्याळात एक त्रेपन्न झाले होते.

मास्तर परत आले, झेंडी गुंडाळली, वहीत वेळ लिहिली. लिहिताना नानांकडे पाहायचं त्यांनी टाळलं. वरून उत्तर आलं नव्हतं. नानांनी पेनाला टोपण लावलं.

"कसं दिसत होतं?"

मास्तरांनी जरा विचार केला. "धुळीनं माखलेलं. नंबरसुद्धा वाचता आला नाही मला."

नाना पिशवी उचलून उठले. तेवढ्यात मास्तर आवाज उतरवून म्हणाले, "नाना, माझी ड्यूटी चारला सुटते. भुसावळ पॅसेंजर कुठवर आलीय, ग्रुपवर विचारता का जरा?"